इंग्लंडच्या गाडीला क्लीनर नसतो

मारोती घुगेला इंग्लंडबद्दल तोवर एवढंच ठाऊक होतं की ते लोक इथे आले होते आणि मग गेले. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर मात्र कळंबोलीच्या स्टील मार्केटात इंग्लंडचा विषय असा शिरला की वजनकाट्याच्या रांगेत, टपरीवर, उभ्या गाड्यांच्या सावलीत दुसरं बोलणंच उरलं नाही. तिकडे म्हणे ट्रक चालवायला माणसं नाहीत. पंपांवर रांगा लागल्यात, दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडल्यात, आणि सरकार बाहेरून ड्रायव्हर आणणार आहे, तीन महिन्यांपुरते का होईना.

"इंग्रजांचे पंपावर रांग!" लोखंडाची गुंडाळी उचलणारी क्रेन चालवणारा हितेश फोन सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवत म्हणाला. तो इथल्याच गावचा. मार्केट व्हायच्या आधी त्याच्या आज्याची भातशेती इथे होती. "बघ र मारोती, तुजी वाट बघतान. गेलास तं मना पन बोलव. क्रेन घेऊन येतू."

लोक हसले. मारोतीही हसला, पण त्याच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. जिंतूरकडून क्लीनर म्हणून आलेला मारोती आता चाळीस फुटी ट्रेलर चालवत होता. दुबईसाठी कधीतरी काढलेला पासपोर्ट घरच्या पेटीत होता. दुबई राहून गेली होती. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला केतन, मालकाचा भाचा, त्याला म्हणाला, "मारोतीभाऊ, सीरियसली विचार करा. तिकडे पण गाडी डाव्या साइडनेच चालते. पनवेलची एक एजन्सी नावं घेतेय. फक्त ट्रेलर रिव्हर्स घेऊन दाखवायचा, एकट्याने."

"एकट्यानं म्हंजे?"

"म्हणजे एकट्याने. इंग्लंडच्या गाडीला क्लीनर नसतो."

मारोतीने नकळत मागे पाहिलं. ट्रेलरच्या चाकाशी उकिडवे बसून शिवरामतात्या टायरच्या खाचांतले खडे काढत होते.

तात्या त्याच्याच गावचे, त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. लहानपणी डाव्या डोळ्यात फूल पडलं आणि लायसन कधी मिळालं नाही, म्हणून जन्मभर क्लीनर राहिले. मारोतीला ते 'उस्ताद' म्हणत, आणि त्यात मान किती नि चेष्टा किती हे मारोतीला कधी कळलं नव्हतं. ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे स्टेअरिंग एकीकडे फिरवावं तर शेपूट दुसरीकडे जातं. आरशात निम्मंच दिसतं. उरलेलं तात्यांच्या आवाजात असे. "यू दे, यू दे… डायवर साइड तोड… यू दे…" आणि पत्र्यावर हाताची थाप. मग "बस!" बस म्हटलं की मारोतीचा पाय ब्रेकवर जाई. मध्ये विचार नसे. इतक्या वर्षांत त्या एका डोळ्याने दगा दिला नव्हता.

पण नव्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी क्लीनर ठेवणं बंदच केलं होतं. इथला मालकही दोनदा म्हणाला होता, "घुगे, तुझ्यासाठी त्याला ठेवलाय." मारोती गेला की तात्यांना दुसऱ्या कुठल्या गाडीवर कुणी घेणार नव्हतं. हे मारोतीला माहीत होतं आणि तात्यांनाही.

क्रांतीने, मारोतीच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. रोडपालीच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशिन होतं. ती बारावी झालेली. नवऱ्यापेक्षा जास्त वाचायची.

"त्यायच्याकडं ड्रायव्हर कामून कमी पडले?" तिने दोरा दाताने तोडत विचारलं.

"त्ये युरोपातून बाहेर पडले म्हनं. ब्रेक्झिट. बाहेरचे ड्रायव्हर निघून गेले."

"आन म्या तर वाचलं का कोरोनामुळं. लायसनच्या परीक्षा बंद होत्या तिकडं."

"आसंल."

"आसंल काय? ब्रेक्झिटमुळं आसंल तर गेलेले ड्रायव्हर काही परत येत न्हाईत. तीन महिन्याचं म्हनत म्हनत तुमाला ठिवून घेतील. तवा जा. पन कोरोनामुळं आसंल, तर परीक्षा सुरू झाल्या का त्यायचे त्ये भरतील आन तुमी माघारी. इथली गाडी बी गेली. आधी कारन काय त्ये इचारून या."

मारोतीला ते बिनतोड वाटलं. आता इंग्लंडात माल का पोचत नाही, हे कळंबोलीत बसून शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने केतनला गाठलं. केतनने फोन काढला. टाय लावलेला एक माणूस बोलत होता. केतन म्हणाला, "हे म्हणतायत, ब्रेक्झिटचा काही संबंध नाही, सगळ्या जगात ड्रायव्हर कमी आहेत." मग दुसरा व्हिडिओ लावला. त्यातला माणूसही टायमध्येच होता. "हे म्हणतायत, ब्रेक्झिटच कारण आहे. व्यापार असाच बसणार हे आम्ही आधीच सांगितलेलं."

"मंग खरं कोनाचं?"

"थांबा, खाली कमेंट वाचतो." केतन वाचत गेला. एकाने लिहिलं होतं, मत दिलं, निकाल लागला, आता मुकाट्याने स्वीकारा. त्याला दुसऱ्याने लिहिलं होतं, खोटं सांगून मत घेतलं, ते मी मरेपर्यंत स्वीकारणार नाही. तिसरी बाई म्हणत होती की आमच्या गावच्या दुकानात माल भरपूर आहे, टंचाई-बिंचाई सगळी बातमीवाल्यांनी उठवलीय. चौथा फक्त ड्रायव्हरांच्या पगाराबद्दल शिव्या देत होता. खाली उतरावं तसं भांडण वाढतच होतं.

"मतदान कवा झालं व्हतं?" मारोतीने विचारलं.

"पाच वर्षं झाली."

"पाच वर्सं! आन आजून मान्य न्हाई?"

तात्या खांद्यावर ताडपत्रीचा दोर घेऊन उभे होते. ते म्हणाले, "त्यात काय नवल? आपल्या गावात सरपंचकी फिरली तवा तू शेंबडा व्हतास. पडलेल्या आळीतला मानूस आजून जिकलेल्या आळीतल्या गिरनीत दळन टाकत न्हाई. गावाभाईर जातो. पीठ महाग पडतं, तरी जातो."

"पन कोन बरोबर व्हतं तात्या?"

"त्ये दळन टाकताना कुठं कोन इचारतं?"

घरी येऊन मारोतीने हे सगळं क्रांतीला सांगितलं. सांगता सांगता पहिल्या टायवाल्याचं दुसऱ्याच्या तोंडी गेलं आणि कोण काय म्हणालं याचा त्याचाच गुंता झाला. क्रांती कंटाळून म्हणाली, "त्यायला सोताला ठरवता येईना का त्यायच्या घरात काय झालंय. तुमी कशाच्या भरवशावर जाता?" मारोतीलाही तेच वाटत होतं. तरीही त्याने केतनला नाव द्यायला सांगितलं. का दिलं, हे त्याला सांगता आलं नसतं. परीक्षा होईपर्यंत कारण कळेल, असं काहीतरी मनात असावं.

परीक्षा नावड्याच्या पुढे, तळोज्याच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर होती. दोन्ही बाजूंना पिंपांच्या रांगा मांडून बोळ केला होता, बोळाच्या टोकाला विटांची कमरेएवढी भिंत. त्या बोळात एजन्सीचा ट्रेलर मागे न्यायचा आणि भिंतीच्या जेवढा जवळ जाईल तेवढा लावायचा. नंदकुमार सर म्हणून निवृत्त प्रशिक्षक होते, गळ्यात शिट्टी. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "बाहेरून कुणी बोलायचं नाही. हात दाखवायचा नाही. बोललात तर ड्रायव्हर बाद."

तात्यांना या असं मारोती म्हणाला नव्हता. ते आपले नेहमीसारखे गाडीत बसून आले होते. दोरीच्या पलीकडे, बाकीच्या बघ्यांमध्ये, हात पाठीमागे बांधून उभे होते.

मारोतीने गाडी पुढे नेली, सरळ केली, रिव्हर्स टाकला. केबिनमध्ये इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. इंजिन होतं, हवेचा फुस्कारा होता, पण पाठीमागे कुणीच नव्हतं. डाव्या आरशात पिंपं, उजव्या आरशात पिंपं, आणि मधल्या चाळीस फुटांमागे काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं. तरी शेपूट बोळात शिरलं. तो स्वतःशीच पुटपुटू लागला, "यू दे, यू दे," आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला. गाडी सरकत होती. भिंत आता कुठेतरी जवळ असणार. आणखी थोडं. आणखी…

"बस!"

ब्रेक लागलासुद्धा. गाडी हिसका देऊन थांबली आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली.

"कोण बोललं? कोण बोललं रे ते?" नंदकुमार सर ओरडत दोरीकडे गेले. सगळे ज्याच्याकडे बघत होते तो माणूस मान खाली घालून उभा होता. सर परत येऊन म्हणाले, "घुगे, बाद. हात चांगला आहे तुमचा म्हणून सांगतो, पुढच्या सोमवारी अकराला परत या. शेवटची संधी. त्यांना घरी ठेवून या. गाडी पुढे घ्या, मागे माणसं थांबलीयत."

मारोतीने गाडी पुढे घेतली. खाली उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की भिंत आणि गाडी यांत किती जागा उरली होती, ते बघायचंच राहिलं. तोवर पुढचा ड्रायव्हर गाडीत चढलाही होता.

बघ्यांना विचारलं तर एक म्हणाला, "अरे, भरपूर होती! म्हैस उभी राहिली असती." दुसरा म्हणाला, "काय म्हैस? वीतभर नव्हती. म्हातारा ओरडला नसता तर भिंत गेली असती." दोघं तिथेच जुंपले. तिसऱ्याने तर गाडी आधीच तिरकी होती म्हणून वेगळाच फाटा काढला. हे सगळे तिथेच, सारख्याच अंतरावर उभे होते.

परतताना तात्या आपल्या गाडीच्या केबिनमध्ये नेहमीच्या जागी बसले. कळंबोलीच्या पुलावर मारोतीने विचारलं,

"तात्या, लागनार व्हती का?"

"मला दिसलं तसं बोललो, उस्ताद."

त्या आठवड्यात मारोती पुन्हा पुन्हा ती भिंत मनात उभी करून पाहत होता. कधी ती लांब असे, तात्या आपली भाकरी वाचवायला ओरडलेले असत, आणि मग त्याला इतका राग येई की टपरीवर तो त्यांच्याकडे पाठ करून बसे. कधी ती अगदी खेटून असे, आणि तात्यांनी गाडी, नाव, पुढच्या सोमवारची संधीसुद्धा वाचवलेली असे; मग त्याला स्वतःची लाज वाटे. दोन्ही चित्रं सारखीच खरी दिसत. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळतं कसं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला.

रविवारी केतनचा मेसेज आला. आता तिकडचे लोक म्हणतायत की ब्रेक्झिट आणि कोरोना, दोन्हीमुळे.

"दोन्हीमुळं म्हंजे?" क्रांती म्हणाली. "म्हंजे जायाचं का न्हाई?"

"मला काय म्हाईत."

सोमवारी सकाळी गाडीवर चाकणचा माल चढला होता. परीक्षेला जायचं तर गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायला हवी होती, आणि तो दुसरा ड्रायव्हर, सौरभ नावाचा, क्लीनर न ठेवणारा, चावीसाठी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला होता. तात्यांनी केबिनमधली आपली वळकटी काढून खाली ठेवली होती. कुणी सांगायच्या आधीच.

मारोती त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तात्या, एकडाव खरं सांगा. गाडी लागंल म्हनून वरडलात का म्या जाईल म्हनून?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्या भ्यालो व्हतो, मारोती," ते म्हणाले. या वेळी उस्ताद म्हणाले नाहीत. "भीती वाटली आन तोंडातून निघालं. कशाची वाटली त्ये मलाच कळंना झालंय. आठ दिस झाले इचार करतो. गाडी लागनार व्हती म्हनावं तर खोटं वाटतं. न्हाई म्हनावं तर त्ये बी खोटं वाटतं. तू जा. म्या यायचा न्हाई तिकडं."

मारोती त्यांच्या चांगल्या डोळ्याकडे पाहत राहिला. त्यात काही लपवलेलं दिसत नव्हतं, आणि त्यामुळे त्याचा गोंधळ आणखीच वाढला. लबाडी असती तर जाणं सोपं झालं असतं. त्याने वाकून वळकटी उचलली, केबिनमध्ये टाकली. मग पायरीवर बसलेल्या सौरभला हातानेच 'नको' अशी खूण केली.

केतन ऑफिसच्या दारात आला. "मारोतीभाऊ, निघताय ना? अकरा वाजता आहे."

"न्हाई जमनार केतनशेठ."

"अहो, परत नाही बोलावणार ते! लास्ट चान्स आहे. सरांना काय सांगू? काहीतरी कारण तर द्यायला लागेल ना."

मारोतीने केबिनच्या पायरीवर पाय ठेवला. कारण शोधत तो क्षणभर तिथेच थांबला. एक सापडलं, ते पुरेसं वाटलं नाही. दुसरं सापडलं, ते त्याचं स्वतःचं वाटलं नाही.

"काय बी सांगा," तो म्हणाला. "त्यायला पटंल त्ये सांगा."