बोलण्यापुरता आवाज

परवा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला घेरलं. "काय बाई, महोत्सव झाला, व्हिएतनाम झालं, जरा आम्हालाही सांगा की!" मी दोन किस्से सांगितले. सगळे खदाखदा हसले. तिसरा सांगायला तोंड उघडलं आणि घंटा झाली, बरं झालं. असे किस्से माझ्याकडे या वर्षात फार साठलेत. प्रत्येकात हसायची जागा आहे. घडलं तेव्हा मात्र आम्हा तिघींपैकी कुणीही हसलं नव्हतं.

तिघी म्हणजे मी, गिरिजाक्का आणि शमीम. वीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात एकाच सरांकडे गाणं शिकायला लागलो. मी शाळेत विज्ञान शिकवते, गाण्यात यथातथाच. अक्का चंदगडकडच्या, रिटायर्ड नर्स, गाण्यात माझ्याहून यथातथा. पण आवाज असा, की वॉर्डात हाक मारली तर खालच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसायचे! आणि शमीम. आम्ही दोघी गाणं शिकायचो. शमीम गायची.

तिच्या नवऱ्याचं नाव रियाज. शिवणकामाचं दुकान आहे त्याचं. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी करड्या आवाजात विचारलं, "रियाज केलास का?"

शमीम खाली मान घालून म्हणाली, "केला सर. तीन वर्षं झाली. काझीसमोर!"

सर पेटीवर डोकं टेकून हसले. त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी.

* * *

जूनमध्ये शमीमच्या थायरॉइडला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी आहे असा रिपोर्ट आला आणि रियाजभाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर कळलं, की आवाज फुटत नाही. नुसती कुजबुज. गाठ आवाजाच्या नसेला चिकटूनच होती म्हणे, ती नस दुखावली. "सहा महिने वाट बघू," डॉक्टर म्हणाले.

आठवड्याभरानं आम्ही तिघी भाजीला गेलो. शमीम मेथीच्या पेंडीवर हात ठेवून कुजबुजली, "ताजी आहे का?"

भाजीवाली इकडंतिकडं बघून, पुढं वाकून, तितक्याच हळू म्हणाली, "आत्ताच आल्या."

शमीम कुजबुजली, "दोन पेंड्या द्या."

ती कुजबुजली, "पिशवी हाय न्हवं?"

अक्कांना राहवलं नाही. "का गं, चोरीची हाय व्हय मेथी?"

भाजीवाली दचकली. आपण का कुजबुजतोय हे तिलाही माहीत नव्हतं! मग लक्षात आलं, सगळ्यांचंच तसं होतंय. रिक्षावाला, शेजारीण, बँकेतला कारकून. शमीम जिथं जाईल तिथं माणसं आवाज खाली आणायची. तिच्या घरात तर पाहुणे असे बोलायचे, जसं आत कुणीतरी गेलंय.

* * *

सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या आठवणीत आम्ही शिष्य मिळून डिसेंबरात शनिवार-रविवार महोत्सव करतो. शनिवारी संध्याकाळी सुरुवात कायम शमीमची. यंदा तिच्या जागी मुग्धाला बसवलं. ही गारगोटीची पोर, शमीमकडंच शिकलेली. यमन गायली. शमीम पहिल्या रांगेत, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून.

गाणं संपल्यावर मुग्धा धावत आली, पाया पडली. "मावशी, कसं झालं?"

शमीम म्हणाली, "सुरेख." टाळ्या चालूच होत्या. मुग्धाला ऐकू आलं नाही. तिनं परत विचारलं. शमीमनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना नुसती हवा निघाली. मग तिनं पोरीच्या गालावर हात ठेवला आणि बाहेर निघून गेली.

दहा मिनिटांनी मी ग्रीनरूममध्ये गेले, तर मुग्धा हुंदके देऊन रडत होती.

"अगं, काय झालं?"

"एवढं वाईट गायले का हो मी? मावशी एक शब्दसुद्धा बोलल्या नाहीत!"

* * *

रविवारी इचलकरंजीचे बाबूकाका भेटले. हे आमचे जुने श्रोते. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं, त्या खडखडाटात कान गेले. स्पीकरच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसतात, तेव्हा कुठं गाणं पोचतं. एरवी समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. मागावर सगळे तसंच बोलतात म्हणे.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शमीमला गाठलं. दोघं मांडवात बसून अर्धा तास गप्पा मारत होती. सूनबाईंपासून सुरांपर्यंत! सहा महिन्यांत मी शमीमला एवढं सलग बोलताना पाहिलं नव्हतं. कुणी "काय?" म्हणत नव्हतं, कुणी वाकत नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं.

शेवटी काका म्हणाले, "काल गायला न्हाईसा ते? तुमचं ऐकायला मी एस्टीनं आलतो की!"

"आवाज गेलाय काका," शमीम म्हणाली.

काका मोठ्यानं हसले. "चेष्टा करता व्हय म्हाताऱ्याची? अर्धा तास बोलतोय की आपण! हाय तसाच हाय आवाज!"

शमीम त्यांच्याकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "वैशू, मला घरी सोड." संध्याकाळचं सत्र तिनं ऐकलं नाही.

* * *

महोत्सवानंतर चारच दिवसांनी डॉक्टरांकडं तपासणी होती. रियाजभाईंनी आम्हालाही बोलावलं. त्यांना एकट्याला ऐकायची हिंमत नव्हती. नाकातून दुर्बीण घालून झाली. डॉक्टर भला माणूस. चष्मा पुसत म्हणाला, "आता यात फार फरक पडेल असं मला वाटत नाही. पण काळजी करू नका. बोलण्यापुरता आवाज आहे."

अक्का पुढं सरकल्या.

"डॉक्टर, बोलायला आम्ही हाय की दोघी. हिला गायला पायजे."

डॉक्टरांनी चष्मा परत पुसायला घेतला.

* * *

व्हिएतनामची सहल वर्षभर आधीच ठरली होती. मी म्हटलं, रद्द करू. शमीम म्हणाली, "का? मी काय मेलेय?" मग गेलो.

अक्कांना परदेशाचं टेन्शन नव्हतं. विमानतळावर, हॉटेलात, बसमध्ये, सगळीकडं अस्सल कोल्हापुरी! हनोईतल्या लिफ्टमध्ये एक धिप्पाड गोरा मधोमध उभा होता. अक्का म्हणाल्या, "पावणं, जरा सरका की तिकडं!" पावणं घाईघाईनं सरकलं! नाश्त्याच्या टेबलाशी म्हणाल्या, "ए बाळा, साखर आण!" तर साखर आली! मी थक्क.

शमीम मात्र साधं पाणी मागायला गेली, की मुली कान पुढं करायच्या, हसायच्या, माना हलवायच्या आणि शेवटी भलतंच काहीतरी आणून द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर टाइप करून मला दाखवलं. "मला मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, इंग्लिश येतं. अक्कांना फक्त ओरडता येतं. उपाशी मी राहते."

मी हसले. तीही हसली. मग तिनं ते पुसून टाकलं.

* * *

त्याच दुपारी बाजारात चुकामूक झाली. तिथं रस्त्यावर मोटरसायकलींचा नुसता लोंढा. अक्का आणि मी बोलत बोलत पलीकडं गेलो, वळून बघितलं तर शमीम नाही. तिचा फोन माझ्याच पर्समध्ये, फोटो काढायला दिलेला. पुढचा दीड तास आम्ही त्या गल्ल्यांतून वेड्यासारख्या फिरलो. अक्का "शमीऽऽम!" अशा ओरडत होत्या, की दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले.

शेवटी सापडली. जिथं हरवली तिथंच, टोप्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली. अक्कांचा जीव भांड्यात पडला, आणि तोंड सुटलं.

"मुडदा बशिवला तुझा! आम्ही दिसलो न्हाय व्हय तुला?"

शमीमनं मान हलवली. दिसलो होतो. रस्त्यापलीकडं, समोरच.

"मग हाक मारायची न्हाय?"

अक्कांच्या तोंडून गेलं आणि त्या तिथंच थांबल्या. शमीम उठली, साडी झटकली. "मारली की," ती म्हणाली. "चार वेळा."

त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. त्यांनी कुठूनतरी पत्र्याची शिट्टी पैदा केली आणि स्वतःच्या हातानं शमीमच्या गळ्यात बांधायला घेतली. तीस वर्षं पेशंटांचे जीव वाचवलेली बाई, तिला गाठ मारता येईना.

* * *

शेवटच्या दिवशी बोटीची सफर होती. हिरव्या पाण्यात उभे काळे डोंगर, मधून बोट. ग्रुपमध्ये नाशिकचं एक जोडपं होतं, चार ऑस्ट्रेलियन होते आणि तुआन नावाचा हसरा गाइड. संध्याकाळी डेकवर कॅरिओके सुरू झालं. नाशिकच्या काकांनी एक गाणं अक्षरशः ठार मारलं. मग काकू शमीमकडं बोट दाखवून ओरडल्या, "अहो, ह्या गायिका आहेत ना! अक्काच सांगत होत्या पहिल्या दिवशी!"

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. तुआन माईक घेऊन निघाला. मी उठून त्याला अडवणार, तोवर शमीमनं त्याच्या हातातून माईक घेतला होता.

ती उभी राहिली नाही. खाली मांडी घातली, पदर सावरला, डोळे मिटले. डाव्या हातात माईक, उजवा हळूच वर. आणि गायला लागली.

काहीच ऐकू येईना. पाणी तेवढं बोटीवर आपटत होतं.

तुआन धावला. "सॉरी मॅडम, सॉरी!" माईक घेऊन त्यावर टकटक केलं. स्पीकरमधून ठणठणीत टकटक आली. तो चक्रावला. माईक अक्कांच्या तोंडापुढं धरला. अक्का कशाबशा "हॅलो" म्हणाल्या, तर पलीकडच्या बोटीवरची माणसं वळून बघायला लागली. खूश होऊन त्यानं माईक परत शमीमला दिला.

ती पुन्हा पहिल्यापासून गायला लागली. आलाप, मग बंदिश. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, हात प्रत्येक सुराची जागा दाखवत होता. समेवर तिनं मान दिली आणि माझी मान आपोआप खाली गेली. अक्कांची पण गेली.

गाणं पुरं झालं. शमीमनं डोळे उघडले.

तुआन घामाघूम. त्यानं तो माईक उलटासुलटा करून बघितला, खिशात टाकला आणि कान पकडून म्हणाला, "सॉरी मॅडम. माईक बॅड. व्हेरी बॅड माईक."

शमीमनं मान डोलावली. "हो," ती म्हणाली, "माईकच खराब आहे." आणि दुसरा माईक मागायला हात पुढं केला.