अंबडच्या कोर्टासमोरचे मिसरकाका

मिसरकाका लोकांचे अर्ज लिहायला लागण्याआधी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब जमिनीवर सांडायचे. अंबडच्या कोर्टासमोर लिंबाखाली मांडी घालून बसायचे, मांडीवर फळी. मिसर देशातले, म्हणजे इजिप्तमधले जुने लेखनिक आपल्या आद्य गुरूच्या नावानं असा थेंब सोडायचे, असं त्यांनी रद्दीतल्या एका पुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून अख्खं कोर्ट त्यांना मिसरकाका म्हणायचं. माझं टायपिंगचं दुकान अगदी त्यांच्या पाठीमागे. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, डोक्यावर पंखा. आणि गिऱ्हाईक? काकांकडे! खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझ्याकडे कुणी आलं की मी आधी विचारायचो, "विषय काय?" काका काहीच विचारायचे नाहीत. पेनाचं टोपणही न काढता ऐकत बसायचे. एक बाई वाटणीचा अर्ज करायला आली आणि अर्धा तास मेलेल्या म्हशीबद्दलच बोलली. काकांनी लिहिलं ते बराबर वाटणीचंच, पण वाचून दाखवल्यावर बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "हेच म्हणायचं व्हतं मला." माझा छापील अर्ज ऐकून कुणाचे डोळे ओले झाल्याचं मला तरी आठवत नाही.

एकदा मी चिडून म्हणालो, "काका, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे. तुमच्या मिसरवाल्यांच्या लिपीसारखी चित्रं तर शेंबडी पोरंही पाठवतात. लेखनिक हवाय कुणाला?"

ते हसले. "अरे बाबा, तिकडं बोटावर मोजण्याइतक्यांनाच लिहिता यायचं. आमच्या आज्याला तर कुणी पाटीला हात लावू देत नव्हतं. आता समद्यांना येतंय, बिलकुल चांगलं झालं. पण ऐकून कोण घेऊन राह्यलंय?"

मी आत जाऊन पंखा वाढवला.

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी सख्खी आई! ती दर महिन्याला माझ्या दुकानावरून पुढे जाऊन काकांसमोर बसायची आणि टेंभुर्णीच्या मावशीला पत्र लिहून घ्यायची. फोन का नको, तर "फोनवर घरभर ऐकू जातं."

"मग मी लिहितो की!"

"तुला न्हाई जमायचं. मी तोंड उघडलं की तुझी बोटं चालतेत."

दोघांचं तासभर चालायचं. मध्येच ती खळखळून हसायची, एकदा तर रडलीसुद्धा. मी काचेआडून बघत कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र चुकवत बसायचो. शेवटी लाज सोडून काकांना विचारलं, "आई काय सांगते हो?"

"तिलाच इचार की."

विचारलं. "तुला काय करायचंय?" म्हणाली.

या उन्हाळ्यात काका गेले. पंधरा दिवसांनी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मोबाईल बंद केला, कोरे कागद घेतले आणि आईसमोर खाली मांडी घालून बसलो.

"सांग आई. मावशीला काय लिहू?"

तिनं माझ्या हातातल्या उघड्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिही, इकडं समदं बरं हाय."

मी लिहिलं. "पुढं?"

"बस. एवढंच."

काकांना ती पाठपोट चार पानं सांगायची.