तो घाटावरून, मी वळशानं

सुधीर गेला त्या दुपारी मेधा, माझी इथली जुनी मैत्रीण, धावत आली. मला मिठी मारून रडायला लागली आणि मी तिच्या खांद्यावरून म्हणाले, "बरं झालं गं, घरात गेला." ती एकदम मागे सरकली. स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या दोघीतिघी दाराशी येऊन बघायला लागल्या. नवरा नुकताच गेलाय आणि ही बाई म्हणते, बरं झालं! म्हणू देत. जेवून, ताक पिऊन तो खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसला आणि तसाच गेला. मी हलवलं तेव्हा हात कोमट होता... गेली काही वर्षं मी त्याचे नाना तऱ्हेचे शेवट मनात पाहिले होते, त्यांत हा इतका साधा शेवट कधीच नव्हता. दुःख आहेच, ते कुठे पळून जातंय? पण आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

२०११च्या भूकंपानंतर न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला इंजिनियर हवे होते, म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो. मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. सुधीरचं काम होतं लोकांची घरं तपासायचं. भेगा बघायच्या, पाया बघायचा आणि घर राहण्यासारखं नसेल तर तिथेच उभं राहून मालकाला तसं सांगायचं. म्हाताऱ्या बायका त्याच्यासमोर रडायच्या. हा घरी आला की बूटही न काढता पायरीवर बसून राहायचा. मग एक दिवस त्यानं जुनी सायकल आणली आणि शनिवारी डोंगराकडे निघाला. इथल्या आल्प्सच्या अलीकडे जे बुटके, पिवळ्या गवताचे डोंगर आहेत ना, त्यांतल्या खडीच्या रस्त्यांवर त्याचा जीव जडला. इथले लोक 'पास' म्हणतात, हा मात्र सगळ्यांना घाटच म्हणायचा. मी पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "देऊळ नाही, भजीवाला नाही, माकडं नाहीत, हा कसला मेला घाट?" तर म्हणाला, "म्हणूनच तर. इथे मला कुणी काही विचारत नाही."

त्यातून आमची एक रीत पडली. मी त्याला घाटाच्या अलीकडे सोडायचं, तो सायकलनं वर चढून पलीकडे उतरणार आणि मी हायवेनं लांबचा वळसा घालून पलीकडे जाऊन थांबणार. कारण खडीचा रस्ता, एका बाजूला दरी आणि कठडा नाही, असल्या ठिकाणी गाडी चालवायची मला भीती वाटायची. डान्सीज पासला तर मी डंट्रूनला त्याला उतरवून, ओमारू, पामर्स्टन करत अर्धा दिवस फिरून पलीकडच्या नेझबीला पोचायचे. तिथे झाडाखाली गाडी लावायची, थर्मास काढायचा, थालीपिठांचा डबा काढायचा आणि रस्त्याकडे डोळे लावून बसायचं. फोनला रेंज नाही. वाटेत पडला, घसरला, तरी कुणाला कळणार? मेंढ्यांना! त्याचं हेल्मेट दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि पडल्या पडल्या मी भांडायला लागायचे. "इतका वेळ कुठे होतास?" तो थालीपीठ तोंडात कोंबत म्हणायचा, "वर बसलो होतो जरा. काय शांत होतं, नीला."

पुढे त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. स्नायू अशक्त झालाय, म्हणाले. औषधं सुरू झाली. मी डॉक्टरला घाटाचं विचारलं. मला वाटलं, तो सरळ नाही म्हणेल आणि माझं काम होईल. पण तो गोरा तरुण डॉक्टर खांदे उडवून म्हणाला की मी सांगेन जपून राहा, पण हृदय अचानक थांबणं हे चढावर होऊ शकतं तसं सोफ्यावरही होऊ शकतं. झालं! म्हणजे ठरवायचं पुन्हा आम्हीच. मुक्ता तोवर वेलिंग्टनला सरकारी ऑफिसात लागली होती. ती फोनवर म्हणाली, "आई, जस्ट हाइड द बाइक." अख्खी सायकल कुठे लपवणार? मी पुढचं चाक काढलं आणि पलंगाखाली बॅगांच्या मागे सरकवून दिलं. वाटलं होतं, आता आकांडतांडव करेल. त्यानं चाक शोधलंसुद्धा नाही. शनिवारी सकाळी टेबलाशी बसून मटार सोलायचा. पुढच्या शनिवारी परत मटार. फ्रीझरमध्ये जागा उरेना. असा गप्प, शहाण्या मुलासारखा बसलेला नवरा मला बघवेना हो... एका सकाळी मीच पलंगाखाली वाकून चाक बाहेर ओढलं. "जा बाबा," म्हटलं, "पण मला फार वाट बघायला लावू नकोस."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नेझबीला मी वाट बघत बसले आणि तो येईना. सावल्या लांबल्या. कुत्र्याला फिरवायला आलेला एक माणूस दोनदा समोरून गेला आणि दुसऱ्यांदा मला "यू ओके?" विचारून गेला. मी ओके नव्हते. शेवटी गाडी काढली आणि डांबरी रस्ता संपून खडी लागली तरी थांबले नाही. स्टिअरिंग घट्ट धरलेलं, तोंडानं रामरक्षा आणि शिव्या आलटून पालटून. एक वळण घेतलं तर समोर मेंढ्यांचा कळप. मागे चार चाकांच्या बाइकवर गमबूट घातलेली एक शेतकरीण, आणि तिच्यामागे सायकल हातात धरून माझे पतिराज, "हुर्र, हुर्र" करत! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अस्सल सदाशिवपेठी. त्या बाईला एक अक्षर कळलं नसणार, तरी ती सुधीरला म्हणाली, "लिसन टु युवर मिसेस, मेट," आणि मेंढ्या घेऊन पुढे गेली.

गाडीत बसल्यावर तो हसला नाही. "वर दम लागला, नीला," म्हणाला. "बसलो, तर उठवेना. घाबरलो मी. ही बाई आली म्हणून तिच्याबरोबर चालत निघालो... आणि मग तुझी गाडी दिसली." इतक्या वर्षांत घाबरलो हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "आता वळसा बंद. तू पुढे, मी मागे." तेव्हापासून शेवटपर्यंत तसंच. छोटे घाट, तो पुढे, मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे. थकला की सायकल डिकीत. मला दरीची भीती वाटायची ती गेली नाही, पण त्याच्या पाठीकडे बघताना दरीकडे लक्ष जायचं नाही, इतकंच.

मुक्ताला हे कधीच पटलं नाही. सुधीरचं दिवसकार्य झाल्यावर, भांडी पुसता पुसता ती बोललीच. "यू लेट हिम, आई. यू जस्ट लेट हिम." मी म्हटलं, हो, दिलं जाऊ. आणखी काय सांगणार? जाऊ दिल्यामुळे तो लवकर गेला की जाऊ दिल्यामुळे इतका टिकला, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तिचे डोळे कोरडे होते आणि तेच मला फार लागलं. माझी सुटका झाली होती, तिची व्हायची होती.

मागच्या आठवड्यात तीच म्हणाली, घरात बसून वेड लागेल, चल कुठेतरी. आम्ही पोर्टर्स पासच्या रस्त्याला लागलो. चढावर पुढे एक सायकलवाला, कुणी अनोळखी, डुलत डुलत चढत होता. माझा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून वर आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, त्याच्या मागे. मला हे हल्ली शहरातही होतं, सायकल पुढे असली की ओलांडून जाता येत नाही.

"आई, ओव्हरटेक कर ना."

"नाही गं जमत."

सायकलवाल्यानं हात हलवून पुढे जा म्हणून सांगितलं. मी गेले नाही. मागे एक कॅम्परव्हॅन आली, तिनं हॉर्न वाजवला. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. मग पुढच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली, बराच वेळ. तिचं नाक लाल झालं, गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. हात पुढे करून तिनं बटण दाबलं आणि गाडीचे इशाऱ्याचे चारही दिवे लुकलुकायला लागले.

"आई, थोडं मागे राहा," ती म्हणाली. "त्याला घाई नको करू."