शाहीनच्या दारावरचा प्रश्न

भूकंपात आमचं गाव पडलं नाही, नुसतं भेगाळलं. म्हणून नवं घर मिळालं नाही. वडिलांनी पत्र्याचं शेड उभं केलं, माझा जन्म त्यातलाच. अकरावीला आईने दारची म्हैस विकली आणि मला निलंग्याहून लातूरला क्लासला पाठवलं. होस्टेलात समोरच्या खोलीत शाहीन होती.

नांदेडच्या घड्याळवाल्याची मुलगी. क्लासच्या परीक्षेत पहिली ती, दुसरी मी. तिच्याकडे लॅपटॉप, त्याला डोंगल, आणि त्या लॅपटॉपचं नेट ती अख्ख्या मजल्याच्या मोबाइलना द्यायची. पासवर्ड मात्र सरळ सांगायची नाही. दर सोमवारी दारावर खडूने एक प्रश्न लिहायची. त्याचं उत्तर हाच पासवर्ड. कधी रसायनाचं नाव, कधी एखाद्या नियमाचं. पोरी गयावया करायच्या, मग ती कानात सांगून टाकायची आणि वर म्हणायची, "जोडलं ना? आता घोकून ठेव, परीक्षेत मी येणार न्हाई."

पोरी जेवणाच्या ताटासकट तिच्या खोलीत जमायच्या. मला ते बघवायचं नाही. असतं म्हणून देते, त्यात काय मोठं, असं मी मनात म्हणायचे आणि चौकातल्या सायबर कॅफेत जायचे. तिचा प्रश्न मात्र येता-जाता उभ्या उभ्या सोडवायचे. मोबाइल कधी जोडला नाही. ती हाक मारायची, "ए निलंगा, लई भाव खाऊन राहिलीस." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

बारावीच्या निकालानंतर इंजिनिअरिंगच्या फॉर्मसाठी आम्ही होस्टेलातच थांबलो होतो. शेवटच्या दिवशी पाचला साइट बंद होणार होती आणि सकाळपासून सगळ्या भागाची वीज गेलेली. कॅफेला कुलूप. चालू होता तो एकट्या शाहीनचा लॅपटॉप, बॅटरीवर. दुपार कलली तशी मी खाटेवर बसले आणि तिच्या दारावरच्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलमध्ये टाकलं. नेट लागलं. पण पान काही उघडेना. सगळा मजला त्याच नेटवर.

जोडलेल्या मोबाइलांत एक वाढलेला शाहीनला लॅपटॉपवर दिसला असणार. ती माझ्या दारात आली. आता टोमणा बसणार, असं मी धरूनच चालले होते. तिने मजल्यावर ओरडून सांगितलं, "सगळ्यांनी नेट बंद करा गं. निलंगा फॉर्म भरून राहिली."

मग हळू म्हणाली, "बाकीच्या उत्तर विचारून जातात. तू दारापुढं ओठ हलवत उभी राहतीस, ते दिसतं मला. इतके अवघड प्रश्न मी कुणासाठी घालत होते?"

मी पान पुन्हा उघडलं. पाचच्या आत फॉर्म भरून गेला.

तिला पुण्याचं कॉलेज मिळालं, मला नांदेडचं, तिच्याच गावचं. त्यानंतर आमची भेट नाही. पुण्याचं नाव निघालं की माझ्या अजून पोटात दुखतं. मी इंजिनिअर झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.