उपयोग विचारणाऱ्यांना

डॉ. राठोड मॅडमना मी प्रथम पाहिलं ते हट्ट्याहून वसमतला येणाऱ्या एसटीत. त्या खिडकीशी बसून पुस्तक वाचत होत्या. कुठली भाषा, असं मी विचारलं. स्पॅनिश, म्हणाल्या. तिचा उपयोग काय, हा माझा दुसरा प्रश्न. त्यावर त्यांनी एक कविताच मोठ्यानं वाचून दाखवली. अर्थ काही कळला नाही. पण वसमत आलं तेव्हा मला ती पुन्हा ऐकायची होती.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळानं मला त्यांच्या कार्याचा जिल्ह्याला झालेला उपयोग लिहायला सांगितलं आहे. मंडळाची माफी मागून सांगते, मी तो लिहिणार नाही.

उपयोगाचा हा प्रश्न आयुष्यभर हात धुऊन मॅडमच्या पाठीमागे लागला. नव्वदच्या दशकात, आपला हिंगोली जिल्हा अजून परभणीतच होता तेव्हा, त्या हट्ट्याजवळच्या तांड्यावरून हैदराबादला स्पॅनिश शिकायला गेल्या. पुढे पीएचडीसाठी त्यांनी जुन्या स्पॅनिश प्रेमकवितेचा विषय मागितला. मार्गदर्शकांनी सुचवलं, तुमच्या तांड्याची गाणी आणि स्पॅनिश लोकगीतं यांची तुलना करा, समाजाला उपयोग होईल. मॅडम म्हणाल्या, "सर, तांडा मला पाठ आहे. जे येत नाही ते शिकायला मी इतक्या दूर आले." अर्ज बरेच महिने अडून राहिला. प्रबंध मात्र प्रेमकवितेवरच झाला.

माझी स्पॅनिश शिकायला जायची वेळ आली तेव्हा मॅडम हैदराबादच्या त्याच विद्यापीठात शिकवत होत्या. अब्बांचं वसमतला शिलाईचं दुकान, पोरीनं डी.एड. करावं असं त्यांनी ठरवलेलं. मी कळवलं तशा मॅडम सुट्टीत दुकानी आल्या. आता परदेशी नोकऱ्यांच्या गोष्टी सांगतील, असं मला वाटलं. ते शिकून नोकरी लागेल का, असं अब्बांनी विचारलं. सांगता येत नाही, असं मॅडमनी सरळ उत्तर दिलं.

"मग काहून शिकायचं?"

"तिला आवडतं म्हणून. मोठ्या घरच्या पोरायला हे कोणी विचारत न्हाई, भाई. आपल्याच लेकरायनं दर पुस्तकाचा हिशोब काहून द्यायचा?"

अब्बा मशीन चालवत राहिले. मला रडू येत होतं. दोन गोड थापा मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असा मॅडमचा रागही आला. मग अब्बांनी दोरा तोडला.

"हॉस्टेलात जेवण तरी बराबर मिळतं का?"

पहिल्याच सत्रात मी नापास झाले. मॅडमनी मे महिन्यात तांड्यावर बोलावून, घरी ठेवून घेऊन शिकवलं. त्यांच्या आईंनी मला उपयोग कधीच विचारला नाही. भूक लागली का, एवढंच विचारायच्या.

आज मी कुठं नोकरी करते, ते मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर उपयोग सिद्ध झाला म्हणाल.

मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हट्ट्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळत राहो. आणि उपयोग विचारणारे थकून शेवटी "बरं, एक कविता वाचा" म्हणेपर्यंत त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो.