राखेनं घासलेली पेटी

केराबाई धनगराची लेक. गाळावरचं पाणी बघूनच तिचं डोकं फिरे. ती कामाला होती त्या आबासाहेबांच्या बंगल्यातल्या काचेच्या पेटीत काही महिन्यांपूर्वी मासे सोडले होते आणि तळची वाळू काळवंडली होती.

"लई घाण हाय, बदलते की," ती म्हणाली.

तिनं मासे बादलीत काढले, वाळू फेकली, पेटी रांजणासारखी राखेनं खसाखसा घासली आणि सीना नदीची नवी वाळू पसरली. मग ताजं पाणी भरून मासे परत सोडले. पाणी आरशासारखं दिसू लागलं. संध्याकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

"बघ, खूश झाले," आबासाहेब हसले.

केराबाई हसली नाही. रोगाच्या साली बापाच्या मेंढ्यांनी अशीच तोंडं उघडली होती. सकाळी बापानं हाक मारली, तेव्हा वाडग्यात कोंडलेली एकही मेंढी उठली नव्हती.