अवघड नेमकं कोणाला?

सुखदेव गवई कोणाला कॉम्प्युटर शिकवायला बसले की स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवत. शिकणारा चुकू दे, घामाघूम होऊ दे, रडकुंडीला येऊ दे, माउसला त्यांचा हात लागत नसे. "माह्या हातानं केलं तं मलेच येईन. मले तं येतेच. तू कर," असं खणखणीत आवाजात म्हणत. चेहऱ्यावर दयामाया नाही.

जालन्याच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन ते देऊळगाव राजा तालुक्यातल्या आमच्या गावी परतले, तेव्हा मी वाचनालयाचा अध्यक्ष होतो. त्याआधी शाळेचा मुख्याध्यापक, आणि जन्मापासून मोठ्या शेतीचा मालक. वाचनालयात कोणी दान दिलेले जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. नवं विंडोज त्यांना पेलत नव्हतं. गवईंनी विंडोजऐवजी त्यांच्यावर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि ती खोली गावाला उघडी केली. 'लिनक्स' हा शब्द मात्र ते कोणाला उच्चारू देत नसत. "नाव सांगू नका, सर. नाव आयकलं का मानूस आधी भेते, मंग इचारते. सैपाक करनारी बाई शेगडी कोन्या कंपनीची ते पाह्यते का?"

आणि खरंच कोणी विचारलं नाही. पोरं येत, बचत गटाच्या बाया येत. माझ्याच शेतात निंदणाला येणारी रुखमा सातवी शिकलेली. ती दुपारच्या सुट्टीत येऊन गटाच्या सभेचा वृत्तांत मराठीत टाइप करायची.

"रुखमा, ते बटन काय तुह्या सासूचं डोकं हाय? हळू दाब ना बाई."

"सासूचं असतं तं याच्याहून जोरात दाबलं असतं, भाऊ."

सारी खोली हसायची.

गवई नम्र होते, असं आता पुष्कळ जण सांगतात. मीही सांगितलं आहे. ते खरं नाही, आणि निदान इथे तरी खरं लिहावं म्हणून बसलो आहे. माणूस हट्टी होता. वाचनालयाचा प्रिंटर लिनक्सवर चालेना, तेव्हा त्यांनी प्रिंटरलाच नालायक ठरवलं आणि लोकांना प्रिंट काढायला एसटीनं देऊळगाव राजाला पाठवलं. वाचनालयाची जुनी पत्रं एका टायपिस्टनं जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली होती. ती उघडली की मराठीऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसायचा. या अडचणी खऱ्या होत्या. गवईंनी त्या कधी मनावर घेतल्या नाहीत.

एका दुपारी मी स्वतः शिकायला गेलो. अध्यक्षाचं पत्र अध्यक्षानंच टाइप करावं, अशी हौस होती. गवई शेजारी बसले, हात मांड्यांखाली. पत्र लिहून झालं, पण ते मी कुठे ठेवलं हे मला सापडेना. मी गवईंकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

"मोडत नाही ते, सर. भेऊ नका."

हे साऱ्या खोलीनं ऐकलं. तेवढ्यात मागून रुखमा वाकली. नखांत माझ्याच शेताची माती. "मालक, तिथं नाही. डाव्या अंगाले पाहा. हां, ते उघडा. हे घ्या तुमचं पत्र."

पत्र सापडलं. मी उठलो, घरी आलो आणि त्या खोलीत पुन्हा पाय ठेवला नाही.

पुढे नवे कॉम्प्युटर घेऊन जुने काढून टाकायचे का, यावर कार्यकारिणीची सभा ठरली. त्या सकाळी गवई माझ्या ओसरीवर आले. बसा, असं मी म्हणालो नाही.

"सर, मले काईच नाही पाह्यजे. तुमी फक्त खरं सांगा. अडचन फॉन्टची हाय, प्रिंटरची हाय. लोकायची नाही. लोकायले जमून राह्यलं. तुमच्या डोयानं पाह्यलं तुमी."

मी मान हलवली. सभेत मात्र उठून म्हणालो, "लिनक्स चांगलं असेल, पण सामान्य माणसाला ते झेपत नाही. मी स्वतः बसून पाहिलं आहे."

मुख्याध्यापकालाच झेपलं नाही म्हटल्यावर दुसरं कोण बोलणार? गवई तेवढे म्हणाले, "कोन्या सामान्य मानसाले, सर? एक तरी दाखवा." लोक हसले. मीही हसलो.

नवे कॉम्प्युटर आले. महागाचे, म्हणून कुलपात गेले. किल्ली सचिवाच्या खिशात. बाया यायच्या बंद झाल्या, गवईही. रस्त्यात भेटले तर नमस्कार करत, पण थांबत नसत.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, बुद्धवंदना झाल्यावर, मला बोलायला उभं केलं. मी त्यांच्या नम्रतेबद्दल बोललो. "काळाच्या पुढचा माणूस," असंही म्हणालो. हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात सगळा दोष काळाचा होतो.

निघताना मांडवाच्या तोंडाशी रुखमा उभी होती.

"मालक, एक इचारू का? ते मशीन खरंच अवघड होतं का? अवघड होतं म्हनून बंद केलं, असं सारे म्हनतेत. मले तं येऊन राह्यलं होतं. मंग मी शिकली ते काय होतं?"

माझ्या मागे सचिव होता, कार्यकारिणीतले दोघे-तिघे होते.

"ऊन फार झालंय," मी म्हणालो. "घरी जा."

"हाव, मालक," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन निघाली.